वरचा किलो

वाघोली, पुणे
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

तीर्थरूप धोंडीराम मामांस,

सुग्रीवचा साष्टांग दंडवत. मामींनाही सांगा. मी इकडं ठीक आहे. तुम्ही तिकडं ठीक असाल असं पुढं लिहायचं असतं, पण ते खोटं होईल म्हणून सोडून दिलं.

योगिता, हे पत्र तूच तुझ्या वडलांना वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. अक्षर लागलं नाही तर थांब, पण गाळू नको. आणि शेवट आधी वाचायची तुझी खोड आहे, ती आज करू नको.

मामा, शाळेत मराठीच्या पेपरला पत्राचा प्रश्न यायचा. 'तुम्ही सुट्टीत येत असल्याचे मामास कळवा.' मी दरवेळी खुशाली लिहायचो, येतो म्हणायचो आणि खाली सही ठोकायचो. पाचातले दोन मिळायचे. गुरुजी विचारायचे, "सुग्रीव, मधला मजकूर कुठंय?" आज मधला मजकूरच लिहायचाय आणि नमस्काराच्या पुढं सरकता येईना. सकाळपासून दोन कागद फाडले. खोलीतली पोरं विचारतात, परीक्षा आहे का.

फोन कावून केला नाही म्हणाल. केला होता, तीनदा. दोनदा तुम्ही उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, "बोल भाच्या" म्हणालात, आणि मी रेंज नाही म्हणून ठेवून दिला. रेंज होती.

आधी इथलं सांगतो. इथं एक पत्र्याचं गोदाम आहे. आपला अख्खा शेळीबाजार, टेम्पो, जनावरं, भजीवाले धरून, आत मावेल आणि वर जागा उरेल. लोकांनी मोबाइलवर मागवलेलं सामान इथं येतं आणि इथून घरोघर जातं. माझ्या मनगटाला एक यंत्र बांधलंय. कोणत्या रांगेत जायचं, कोणता खोका उचलायचा, ते सांगतं. उचलला की एकदा वाजतं, उशीर झाला की दोनदा. मुकादम नाही. शिव्या देणारं कुणी नाही, त्यामुळं ज्याला द्याव्या असंही कुणी नाही. पहिल्या आठवड्यात लई बरं वाटलं. आता वाटतं, कुणीतरी मागून "झोपला का बे" म्हणावं.

माझ्या रांगेत तलवाड्याचा बजरंग म्हणून एक गडी होता. गावाकडचा म्हणून आम्ही डबा वाटून खायचो. मागच्या महिन्यात एका सकाळी त्याचं यंत्र लागेना. बिघडलं असेल म्हणून बदलून मागायला गेला. खिडकीतल्या पोरीनं बघितलं आणि म्हणाली, यंत्र चांगलं आहे, तुमचं नाव बंद झालंय. का, तर तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, मला इथं फक्त बंद दिसतं. बजरंग तिथंच उभा, हातात डबा. भांडायचं कुणाशी हे त्याला कळेना. ती पोरगी तर त्याला पाणी देत होती.

हे मी उगीच सांगत नाही. उगीचच सांगत होतो खरं तर, पण लिहिता लिहिता ते जागेवर आलं.

अजून एक. खोका उचलला की माझा हात आपोआप बोलतो. सव्वादोन. पावणेचार. मग वर छापलेलं बघतो, बहुतेक जुळतं. सुरतेत गेलतो, मोबाइल दुरुस्ती केली, केजला रसवंती चालवली, कुठंच टिकलो नाही, काहीच धड शिकलो नाही. एवढं एक मला येतं, आणि ते तुमच्याकडून आलंय.

पहिला दिवस आठवतो. शेळीच्या कंबरेवर तुम्ही माझी चार बोटं ठेवली, वर तुमचा हात. "डोळं मिट," म्हणालात. "डोळा केसाला भुलतो, हात भुलत न्हाई." मी मिटले आणि म्हणालो, तीस. तुम्ही म्हणालात, "तीस तुझी आज्जी. चोवीस." व्यापाऱ्यानं हौसेनं काट्याला टांगली. चोवीस आणि वर थोडं. बाजारात भाव व्यापारी आणि मालक ठरवणार, पण वजन धोंडीराम बोलणार, आणि धोंडीराम बोलला की काटा मागायचा नाही. वीस वर्षं ही रीत. इतक्या वर्षांत कुणी तुम्हाला 'परत बघा' म्हणालं नव्हतं.

पुढं हात जरा बसल्यावर एका बाजारी दगडाबाई आल्या होत्या, पलीकडच्या वस्तीवरच्या, एक करडू घेऊन. तुम्ही हात लावला आणि बोललात, सोळा. माझ्या हाताला पंधरा लागलं होतं. मला वाटलं मी चुकलो. परत येताना टेम्पोत मी विचारलं, तर तुम्ही माझ्या डोक्यात टपली मारली.

"बरोबर हाय तुझं. पंधराच होतं."

"मग सोळा कावून बोलले?"

"एकटी बाई भावात हारती, भाच्या. व्यापारी तिला दोन शब्द चढवून बोलला की ती दावं सोडून देती. भावात हारती म्हणून वजनात उचलायची. एक किलो. त्याच्या वर न्हाई."

"अन् व्यापाऱ्याला कळत न्हाई व्हय?"

"त्याला न कळायला तो काय काल आलाय? तो भावात वढतो, मी वजनात ढकलतो. बाई मधी उभी ऱ्हाती. चाललंय."

तेव्हा मला ती गंमत वाटली होती. मी आमच्या आईला सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "माझ्या बोकडालाबी लावतो तो. तुला काय वाटलं, तुझी बारावीची फी कशातून निघली?" बारावी मी सोडली ती गोष्ट वेगळी.

चहा पिऊन आलो. टपरीवाल्याची एक शेळी आहे, नगर रस्त्यावर प्लास्टिक खाते. बावीस किलो. पोटात पिशव्या धरून.

आता मधला मजकूर.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर मी कंपनीचा निळा टी-शर्ट घालून बाजारात आलो, आठवतं ना. मी तुम्हाला काय सांगितलं होतं? मोबाइलवर बाजारभाव कळवायचं काम आहे, आणि जमलंच तर तुमच्यापाशी बसून शिकतो. तुम्ही चार गावांत सांगितलं, भाचा शिकायलाय. दिंद्रुडचा रामेश्वर तुमची मजा करायचा, "धोंडीमामा, गादीला वारस मिळाला म्हणायचा." तुम्ही वरवर शिव्या द्यायचे, पण त्या दिवसापासून प्रत्येक जनावराला हात लावल्यावर मोठ्यानं बोलायला लागले, मला ऐकू यावं म्हणून. कुठं दाबायचं, कुठं सोडायचं, गाभण शेळीचं किती वजा धरायचं, पावसात भिजलेल्या मेंढीचं किती. चार महिने बोललात. एवढं तुम्ही मामींशी वर्षात बोलत नसाल.

ते सगळं मी मोबाइलमध्ये भरत होतो. शेळीचा फोटो तीन बाजूंनी, आणि खाली वजन. कंपनीला तुमच्यासारखा हात मोबाइलमध्ये घालायचा होता. फोटो काढला की मोबाइलनं वजन सांगायचं, म्हणजे हैदराबादच्या व्यापाऱ्यानं तिथं बसूनच माल घ्यायचा. असे हजारो फोटो घातले की मोबाइल आपोआप शिकतो, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मला हे माहीत होतं, मामा. पहिल्या दिवसापासून. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता असंही नाही. तुम्ही म्हणाला असता, "शिकू दे की, शिकणाराला कोण अडवतं." म्हणूनच सांगितलं नाही बहुतेक. तुम्ही हो म्हणाला असता तर मला कसं तोंड दाखवता आलं असतं.

पण हे अजून खरं पाप नाही. खरं पुढं आहे. योगिता, वाच.

वजनाच्या रकान्यात काट्याचं वजन लिहायचं होतं. प्रत्येक जनावर काट्याला टांगून. कंपनीनं काटा दिला होता, नवा, झोळीसकट. पहिले आठ दिवस टांगली. शेळ्या लाथा मारतात, मालक ओरडतात, एकाला पाच मिनिटं लागतात, आणि तिकडं कुस्त्यांचा फड लागलेला असतो. मी काटा विरुपाक्ष आप्पांच्या पेंडीच्या दुकानात ठेवून दिला आणि तुम्ही बोलाल ते वजन लिहीत गेलो. धोंडीराम बोलला की काटा मागायचा नाही. मी बाजाराचीच रीत पाळली, मामा. फक्त ज्यांना पाठवायचं होतं त्यांना ती माहीत नव्हती.

अशा रीतीनं तुमचा वरचा किलोही मोबाइलमध्ये गेला.

मागच्या उन्हाळ्यात ते ॲप बाजारात आलं. हैदराबादचे मोठे व्यापारी त्यावर माल घ्यायला लागले, आणि तुमच्यापाशी येणारी माणसं कमी झाली. तरी जुने लोक तुमचाच हात मागायचे. मग ती साडीची गंमत झाली, ती तुम्हाला ठाऊकच आहे. रामेश्वरला पहिल्यांदा कळलं की दावं बायकोच्या हातात दिलं की मोबाइल एक किलो जास्त सांगतो. पंधरा दिवसांत अर्धा बाजार बायकांनी भरला. ज्याची बायको येईना त्यानं बहिणीला आणलं. एकानं तर बोकडाच्या पाठीवर लुगडं टाकून फोटो काढला होता. तुम्ही हसून हसून खाली बसलात. मला म्हणालात, "बघ, मशिनीलाबी दया आली." मी हसलो नाही. मला कळलं होतं मशिनीला ती दया कुठून आली ते.

कंपनीलाही कळलं. पुण्याहून रुचिका मॅडमचा फोन आला. बाई चांगली आहे, कधी आवाज चढवून बोलत नाही. म्हणाल्या, "सुग्रीव, तुझ्या बाजारातल्या डेटात गडबड आहे. साडी दिसली की वजन वाढतंय. काटा वापरला होतास ना?" मी म्हणालो, वापरला होता, मॅडम. हे पहिलं.

मग त्यांनी एक्केचाळीस फोटोंची यादी पाठवली. दर फोटोसमोर मी कारण निवडायचं होतं. तीनच पर्याय होते. चूक. हेतुपुरस्सर. माहीत नाही. वरचा किलो असा पर्याय नव्हता. भावात हारते म्हणून वजनात उचलली, असाही नव्हता. त्या म्हणाल्या, फील्डची माणसं कमी करायची चाललीय वरून, यादी साफ करून दिलीस तर तुझं नाव मी राखून ठेवीन. 'चूक' निवडलं असतं तर काट्याची चूक म्हणजे माझी चूक झाली असती. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर चौकशी माझ्यावरच आली असती. आणि हेतुपुरस्सर म्हणजे मुद्दाम. मुद्दाम तर होतंच ना ते, मामा? खोटं काय त्यात? असं मी स्वतःला विचारत एक एक दाबत गेलो. एक्केचाळीस वेळा. खाली विचारलं होतं, वजन कुणी सांगितलं. मी तुमचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, गावासकट.

त्यात सतरावा फोटो आमच्या आईच्या बोकडाचा होता. आई फोटोत नाही, दाव्यावर नुसता तिचा हात आणि पदराचा काठ आलाय. हात ओळखू आला. तिथं मी थोडं थांबलो. मग दाबलं.

पुढं काय झालं ते तुम्ही भोगलंय. ती यादी कंपनीनं व्यापाऱ्यांना दिली, मशिनीनं पकडलं म्हणून; माझं नाव तीत नव्हतं. भर बाजारात कुणीतरी ती वाचून दाखवली, आणि व्यापारी तुम्हाला म्हणाले, धोंडीराम, तू बायकांशी संधान बांधून वीस वर्षं आम्हाला लुटलं. ज्यांना वीस वर्षं सगळं ठाऊक होतं ते जुने व्यापारीही खाली बघत उभे राहिले. कारण ठाऊक होतं म्हणावं तर हैदराबादची मोठी गिऱ्हाइकं जातील. आता कुणी तुम्हाला जनावराला हात लावू देत नाही. मी तेव्हा बाजारात नव्हतो. केजला होतो, दात दुखतो सांगून.

आणि माझं नाव? नोव्हेंबरच्या शेवटी मेसेज आला. ॲप आता फील्डशिवाय चालतं, तुमच्या सहकार्याबद्दल आभार. टी-शर्ट परत मागितला नाही. तोच घालून इथं खोके उचलतो.

मी पळून आलो, हे तुम्हाला वाटलं असेल माझ्या भटक्या पायाचं. नव्हतं तसं. या वेळी पायाला काही खाजलं नव्हतं.

मागच्या सोमवारी विरुपाक्ष आप्पांचा फोन आला. "कुठं उलथलास रे? काटा तुझा इथं पडलाय, घेऊन जा." मग म्हणाले, "तुझा मामा माझ्याकडं असतो आता. बसायला न्हाई. पेंडीची पोती उचलायला." पुढं म्हणाले, "पोत्यावर पन्नास किलो छापलेलं असतंय. तरी उचलायच्या आधी हात लावून बघतोय बाबा. मी म्हणलं धोंडीराम, छापलंय की. म्हणतोय, सवय हाय."

मी विचारलं, मामा काही म्हणतात का. यादीबद्दल.

"काय म्हणणार? म्हणतोय, मशिनीनं धरलं मला, आप्पा. माणसानं धरलं असतं तर भांडलो असतो."

सहा दिवस झाले, मामा. मनगटावरचं यंत्र वाजतं आणि मला तेच वाक्य ऐकू येतं. तुम्ही गप बसलात ते यंत्राशी भांडता येत नाही म्हणून. बजरंग डबा घेऊन उभा होता तसे. तुम्हाला वाटतं, मशीन खोटं कसं बोलेल, हातच चुकला असेल, रीतच चुकली असेल. विरुपाक्ष आप्पा म्हणत होते, दगडाबाई पाया पडायला आल्या तर तुम्ही त्यांच्याकडं बघितलंही नाही. उद्या तुम्ही स्वतःच मानाल की तुम्ही चोर होता. हे मात्र मला पाहवणार नाही. बाकी बरंच पाहिलं मी, पाहून पळालोही.

म्हणून असं ठरवलंय. येत्या बाजाराला मी येतो. इथं सांगून सुट्टी मिळत नाही, न सांगता आलो तर माझंही यंत्र लागणार नाही. लागू नये. आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, यंदाचा बोकड घेऊन येते. तो आणल्यावर तुम्ही हात लावायचा आणि नेहमीसारखं बोलायचं, वरच्या किलोसकट. मग विरुपाक्ष आप्पांच्या दुकानातला माझा काटा काढून, सगळ्यांच्या समोर, बोकड टांगायचा. एक किलो कमी भरेल. तो किलो कुणाचा, कशासाठी होता, कुणाकुणाला ठाऊक होता, आणि एक्केचाळीस वेळा कुणी दाबलं, ते मी बोलतो. जुन्या व्यापाऱ्यांची नावं घेऊन बोलतो. मारतील तर मारतील. कुणाचा हात किती किलोचा ते मला कळेल तरी.

तुम्ही येणार नाही म्हणाल तर मी पेंडीच्या दुकानापुढं येऊन बसतो. तुम्ही पोतं उचलाल, मी बसेन. माझ्याइतकं रिकामं बसायला कुणाला येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

मामींना सांगा, माझ्यासाठी काही करू नका, मी जेवायला येत नाही. जेवायला बोलवावं असं माझं काही उरलेलं नाही. बाजारात ते उरतं का, ते बघायचं.

मशिनीनं धरलं नाही तुम्हाला, मामा. तिला तर तुमची दया लागली होती, माणसांनी ती पुसून काढली. तुम्हाला माणसानं धरलं, ज्याची चार बोटं तुम्ही कंबरेवर ठेवली होती त्यानं.

आता भांडा.

तुमच्या हाताखालचा,
सुग्रीव